फुकटाची कात्री

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे. संपादकांनीही पत्रात तसे सुचवले होते. ‘काहीतरी खुसखुशीत द्या,’ असे त्यांचे शब्द. परंतु आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. वाचकांनी हा लेख ते कारीट समजावे. चकल्या-करंज्या या अंकात पुढे पुष्कळ आहेत.

अभ्यंगाचा विषय निघालाच आहे, तर केसांबद्दलच बोलू. या चार दिवसांत घरोघरी वासाच्या तेलाची बाटली उघडते, शिकेकाई उकळते आणि घरातली वडीलधारी बाई लेकीसुनांच्या डोक्यांवर तेल थापते. आपल्याकडे मुलीच्या केसांवर हक्क सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. आईला त्यांना तेल लावायचे असते, आजीला त्यांची घट्ट वेणी घालायची असते, पाहायला आलेल्या मंडळींना त्यांची लांबी बघायची असे, आणि आम्हां कादंबरीकारांना त्यांना नागिणीची उपमा द्यायची असते. अलीकडे या हक्कदारांत आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे केशभूषा शिकवणारा वर्ग. त्याला आता ‘अकादमी’ म्हणतात.

या धंद्यात ज्या मुलीच्या डोक्यावर केस कापण्याचे, रंगवण्याचे किंवा सरळ करण्याचे काम शिकवले अगर दाखवले जाते, तिला ‘हेअर मॉडेल’ म्हणतात. जाहिरातीच्या पडद्यावर केस झुलवणारी सुंदरी ती वेगळी. तिला तिचे पैसे मिळतात. मी म्हणते ती मुलगी अकादमीच्या खुर्चीत किंवा एखाद्या प्रात्यक्षिकाच्या व्यासपीठावर बसलेली असते. तिला बोलावण्याची जाहिरात आता मोबाइलवर येते. मॉडेल पाहिजेत, केस खांद्याखाली असावेत, कट आणि कलर फ्री.

माझे भांडण या शेवटच्या शब्दाशी आहे.

मी हे ऐकीव लिहीत नाही. १९९८ साली मी १९ वर्षांची होते. शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले होते. म्हणजे दहावीपाशी, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. पुण्याला मावशीकडे राहून मी शिवणाचा वर्ग करीत होते. वर्गातल्या मैत्रिणीने सांगितले, एका हॉटेलाच्या सभागृहात केशभूषेचे मोठे प्रात्यक्षिक आहे, मुंबईचे तज्ज्ञ येणार आहेत आणि लांब केसांच्या मुली हव्या आहेत. माझा शेपटा तेव्हा कमरेखाली येई. शिवणवर्गाच्या टेपने मैत्रिणींनी तो हौसेने मोजलाही होता. सभागृहात थंड हवा होती, आरसे होते, इंग्रजी बोलणाऱ्या बायका होत्या. साताऱ्याच्या मुलीला याहून अधिक काय लागते?

“किती कापणार?” मी विचारले.

“दोन बोटं. फक्त टोकं,” मदतनीस बाई म्हणाल्या आणि एक इंग्रजी कागद पुढे केला. मी सही केली. काय लिहिले होते ते आजतागायत मला ठाऊक नाही.

व्यासपीठावर माझे नाव कोणी घेतले नाही. तज्ज्ञांनी ध्वनिक्षेपक हाती धरून सांगितले, “हे डोके बघा. हे डोके जरा डावीकडे घ्या.” समोर वह्या घेऊन बसलेल्या दोन-अडीचशे बायका ते डोके पाहू लागल्या. त्यांनी माझा शेपटा मुठीत धरून उंच केला, जणू बाजारातला मासा. मग मानेवर गार पोलाद लागले. दोन बोटांचा हिशेब मानेपाशी कसा आला हे मला कळेपर्यंत टाळ्या पडल्या होत्या. अर्धे केस कापलेल्या अवस्थेत उठून जाता येत नाही, ही त्या खुर्चीची खरी साखळी. मी तास-दीड तास बसून राहिले. शेवटी मला एक गुलाबाचे फूल आणि शाम्पूच्या पुड्या मिळाल्या.

उठताना मी विचारले, “माझा शेपटा?”

“तो आमच्याकडे राहील,” बाई म्हणाल्या.

वाचकहो, त्या सभागृहातला हिशेब मी पुष्कळ वर्षांनी, कादंबऱ्या लिहू लागल्यावर मांडला. समोर बसलेल्या बायकांनी प्रवेशशुल्क भरले होते, ते आयोजकांना मिळाले. ज्या कंपनीचा माल टेबलावर मांडला होता, तिला गिऱ्हाइके मिळाली. तज्ज्ञांना मानधन मिळाले. छायाचित्रकाराला, मंडपवाल्याला, चहा आणून देणाऱ्या पोऱ्यालाही पैसे मिळाले. सगळा खेळ ज्या एका डोक्यावर उभा होता, तेवढे मात्र फुकट होते. आणि फुकट कोणाला? म्हणे, मला!

तो शेपटाही काही कचरा नव्हता. ‘न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच,’ अशी आपली जुनी म्हण आहे. म्हण करणाऱ्याला वाटले, केसांना काय किंमत! आज त्या उकिरड्याचा बाजार आहे. तिरुपतीला भाविकांनी वाहिलेले केस देवस्थान लिलावाने विकते आणि त्याचे उत्पन्न कोट्यवधी रुपयांत असते. तिथे भाविक समजून-उमजून देवाला वाहतो. तो त्याचा आणि देवाचा प्रश्न. पण बाजाराचा नियम तोच. केस जितका लांब, तितका भाव अधिक. आणि वेणी बांधून एका दिशेने कापलेला केस सर्वांत महाग, कारण त्याचे गंगावन आणि टोप उत्तम होतात. माझ्या शेपट्याचे गंगावन कोणाच्या अंबाड्यात गेले कोण जाणे. मी शिवण शिकवते. शिंप्याच्या धंद्यातला जुना रिवाज सांगते : उरलेले कापड गिऱ्हाइकाचे. चार बोटांची पट्टी उरली तरी प्रामाणिक शिंपी गुंडाळून परत देतो. आणि इथे ठाणच्या ठाण ठेवून घेतले!

आता कोणी म्हणेल, केसच ते, पुन्हा येतात. येतात ना. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. माझा २७ इंच गेला होता. म्हणजे पावणेपाच-पाच वर्षांची कमाई एका तासात गेली. कोणा गृहस्थाची पाच वर्षांची बचत उचलून न्यावी आणि वर म्हणावे, ‘काय मोठेसे, पुन्हा साठेल!’ तर ते गृहस्थ काय करतील ते सांगायला नको.

त्या दिवाळीला मी डोक्यावरून ओढणी घेऊन साताऱ्याला गेले. आई रडली. वडील दोन दिवस बोलले नाहीत. ‘हौस फिटली ना?’ एवढेच काका म्हणाले. आजी तेव्हा ऐंशीची होती. तिने ओढणी बाजूला केली, माझ्या बोडक्या मानेवरून हात फिरवला आणि विचारले, “तुला विचारलं होतं का गं?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

“आमच्या आत्यालाही कुणी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

आजीची आत्या बालविधवा. लाल आलवणातली, महिन्या-महिन्याला न्हाव्यापुढे मान खाली घालून बसणारी. आजीने लहानपणी ते माजघराच्या दारातून पाहिले होते. दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे मी म्हणत नाही. आत्याचे सारे आयुष्य गेले, माझा शेपटा गेला. परंतु आजीने नेमका धागा पकडला होता. केस लांब की आखूड, याचे तिला काही नव्हते. ज्याचे डोके त्याला विचारले का, एवढाच तिचा प्रश्न होता. आणि घरातल्या इतर कोणालाही तो सुचला नव्हता.

मला वाटे, ही जुनी गोष्ट झाली. आता मुली हुशार झाल्या, हाती मोबाइल आले, कोणी फसत नसेल. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतली एक माजी विद्यार्थिनी फराळाला आली. बारावीत शिकणारी, १७ वर्षांची. डोक्याला रुमाल बांधलेला. मी चिवडा पुढे केला आणि रुमाल का, म्हणून विचारले. तिने तो सोडला. काळ्याभोर केसांच्या जागी पिवळट, तुटके, भाताच्या काडासारखे काहीतरी होते. आणि कानामागे भाजल्याचे डाग.

कोण्या अकादमीत तिला चंदेरी रंगासाठी मॉडेल म्हणून बसवले होते. आपला काळा केस त्या रंगावर न्यायचा तर आधी त्यातला नैसर्गिक रंग हायड्रोजन पेरॉक्साइडने काढून टाकावा लागतो. काळा केस एकदम पांढरा होत नाही. तो आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होतो. जाणता कारागीर हे काम सवडीने, मध्ये दिवस टाकून करतो. इथे संध्याकाळी फोटो काढायचे होते, म्हणून एकाच दिवसात दोनदा औषध लावले. ती म्हणाली, “बाई, आग होते म्हणून मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, थोडं सहन कर, सुंदर दिसशील.” केस ही निर्जीव वस्तू आहे. कातडीची जखम भरते. जळलेला केस भरत नाही, तो कापावाच लागतो.

मी तिला घेऊन त्या अकादमीत गेले. संचालिका बाई सुशिक्षित होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी चहा मागवला.

“आम्ही तर फुकट केलं. बाहेर याचे किती हजार पडतात, माहीत आहे?”

“चाचणी घेतली होती का?”

“आमचं प्रॉडक्ट चांगलं असतं हो.”

“रंगाच्या पुड्यावरसुद्धा छापलेलं असतं, ४८ तास आधी कातडीवर लावून पाहा म्हणून.”

“तिने सही केली आहे,” बाईंनी कागद काढला. कागद इंग्रजीत. कोणत्याही परिणामाला अकादमी जबाबदार नाही आणि फोटो हवे तिथे, हवे तितके दिवस वापरता येतील, असा त्याचा अर्थ.

“ती १७ वर्षांची आहे,” मी म्हटले.

बाई पहिल्यांदाच गप्प झाल्या. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाने केलेला करार करारच नव्हे, हे त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितले असावे. भिंतीवरचा फोटो उतरला, मोबाइलवरचाही काढला गेला. मग त्यांनी केस सुधारण्याचे उपचार देऊ केले. फुकट.

“नको,” मुलगी म्हणाली. “फुकट नको.” मी तिला शाळेत पाच वर्षे शिवण शिकवले. त्या दोन शब्दांत ती मला शिकवून गेली.

या ‘फुकट’ शब्दाने काय साधते, ते वाचकांनी नीट पाहावे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे, २०१९ चा. त्यात ‘सेवा’ या शब्दाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा वगळली आहे. म्हणजे मॉडेल मुलगी ग्राहक म्हणून दाद मागायला गेली, तर तिला विचारतील, पैसे दिले होते का? कामगार म्हणून गेली, तर विचारतील, मजुरी ठरली होती का? दोन्ही दारे एका शब्दाने बंद होतात. ती गिऱ्हाईक नाही आणि कामगारही नाही. मग ती कोण? तज्ज्ञांनी १९९८ सालीच सांगितले होते : हे डोके.

आणि ज्यांनी पैसे दिले त्यांचे तरी काय सरळ आहे? २०१८ साली दिल्लीत एका हॉटेलातल्या सलूनमध्ये एका बाईंचे केस सांगितल्याहून फार आखूड कापले गेले. केसांच्या जाहिरातीत काम करणाऱ्या त्या बाई. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ साली त्यांना २ कोटी रुपये भरपाई ठरवली आणि देशभर चेष्टा झाली की एका हजामतीचे दोन कोटी! २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सेवेत कसूर झाल्याचा निष्कर्ष तसाच ठेवला. पण एवढ्या नुकसानीचा पुरावा कुठे आहे, असे विचारून ती रक्कम रद्द केली आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. त्या खटल्याच्या पुढच्या वळणांत मी शिरत नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की केसांचे नुकसान हे नुकसान आहे हे न्यायालयांना पटते. पण कागद लागतो. आमच्या मुलींजवळ कागदच नसतो. असतो तो समोरच्याच्या फायलीत.

माझे म्हणणे खोडायला तीन मुद्दे हमखास येतात. तिन्हींना उत्तर देते.

पहिला मुद्दा असा की शिकणाऱ्याने कोणाच्या तरी डोक्यावर शिकावेच लागते. अगदी मान्य. माझ्या वर्गातल्या मुलींनीही कापडे बिघडवली आहेत. ती कापडे मी आणलेली होती, परकरवालीची नव्हती. दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात शिकाऊ विद्यार्थी दाताला हात लावतो, पण तिथे केसपेपर असतो आणि मागे प्राध्यापक उभा असतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेसारख्या ठिकाणी चित्रकारांसमोर तासन्‌तास न हलता बसणाऱ्या मॉडेलला मेहनताना मिळतो. थोडा असेल, पण मिळतो. आणि चित्रकार तर तिच्या केसालाही धक्का लावीत नाही! ज्या विद्यार्थ्यांकडून अकादमी हजारो रुपये शुल्क घेते, त्यांना शिकायला लागणारे डोके हा अकादमीचा खर्च आहे. खडूचे पैसे शाळा फळ्याकडून घेत नाही.

दुसरा मुद्दा आशेचा. ‘अहो, यातूनच मुली पुढे येतात!’ मग लंडनच्या ट्विगीचे नाव निघते. ती गोष्ट खरी आहे. १९६६ साली मेफेअरमधल्या लेनर्ड नावाच्या केशकाराला आपला नवा आखूड कट दाखवायला एक डोके हवे होते. लेस्ली हॉर्नबी नावाची १६ वर्षांची सडपातळ मुलगी कित्येक तास त्याच्या खुर्चीत बसली. तिचे फोटो सलूनमध्ये लागले, ते ‘डेली एक्सप्रेस’च्या बाईंच्या नजरेला पडले, आणि त्याच फेब्रुवारीत त्या पत्राने तिला १९६६ चा चेहरा म्हणून जाहीर केले. ती ट्विगी म्हणून जगभर गाजली. छान झाले. परंतु सोडतीत एकाला लाखाचे बक्षीस लागते म्हणून उरलेल्यांच्या खिशातून तिकिटाचे पैसे गेले नाहीत, असे होते का? ट्विगीचे नाव सांगून आपल्या गावच्या मुलीचा शेपटा कापणारा माणूस सोडतवाल्याहून वेगळा नाही. सोडतवाला निदान तिकीट तरी हातात देतो.

तिसरा मुद्दा अकादमीवाल्यांचा नाही. तो आपल्या घरातला आहे, म्हणून मला अधिक झोंबतो. ‘चांगल्या घरच्या मुलींनी असल्या ठिकाणी जावेच कशाला? हौसेला मोल नाही, मग भोगा!’ हे म्हणणाऱ्या काकांना मी हात जोडून सांगते, की अकादमीला तुमच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. मी २७ वर्षे तोंड उघडले नाही, ते तुमच्या ‘हौस फिटली ना’मुळे. मुलगी लाजते, लपवते, रुमाल बांधते. तक्रार करीत नाही. फुकटाची कात्री दोन पात्यांची आहे. एक पाते त्यांच्या हातात आणि दुसरे आपल्या. एकट्या पात्याने काही कापले जात नाही.

शिवाय हौस ही काय निंद्य गोष्ट आहे? मुलीला केस आखूड करावेसे वाटले, निळे करावेसे वाटले, तर तिने जरूर करावे. केशभूषा हा कसबाचा धंदा आहे आणि त्यावर हजारो मराठी बायका घर चालवतात; माझ्या शिवणवर्गातल्या कितीतरी मुली त्या धंद्यात आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. हे भांडण त्यांच्या बाजूनेही आहे. केस सरळ करण्याची काही औषधे तापवली की त्यांतून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो कर्करोगकारक ठरवला आहे. मॉडेल तो एक दिवस हुंगते, शिकाऊ मुलगी रोज हुंगते. जिथे खुर्चीतल्या मुलीची काळजी घेत नाहीत, तिथे खुर्चीमागच्या मुलीची घेत असतील, हे मला पटत नाही.

आणि कसबाच्याच अब्रूची गोष्ट काढायची, तर या धंद्याचा एक इतिहास आपल्या मुंबईतच घडला आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी आपण घेतो. ती सुट्टी १८९० साली मिळाली. त्याच साली, त्यांच्याच पुढाकाराने, मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवले की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. योगायोग असा की त्याच साली हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पुढे तिच्यातल्या यमूच्या केशवपनाने महाराष्ट्र हळहळला. पण कादंबरीकाराने हळहळ लावली आणि न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला. यात मोठे कोण, हे मी कादंबरीकार असून सांगते : न्हावी. तो त्यांचा रोजचा रोजगार होता. यजमानाने पैसे दिले असते. तरी त्यांनी म्हटले, या डोक्याला कोणी विचारलेले नाही. आम्ही हात लावणार नाही. त्यांच्यातल्या किती जणांना अक्षरओळख होती कोण जाणे. आज भिंतीवर परदेशी प्रमाणपत्रे लावणाऱ्यांना तेवढे एक वाक्य बोलता येत नाही?

माझे मागणे फार नाही. शिवणाच्या पहिल्या तासाला मी मुलींना सांगते, माप घे, खूण कर, ज्याचे कापड त्याला विचार, मग कात्री उचल. एवढेच डोक्याला लावायचे आहे. किती बोटे कापणार, कोणता रंग लावणार, हे मुलीला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, आधी लिहून द्यावे आणि एक प्रत तिच्या हातात ठेवावी. औषधाची चाचणी ४८ तास आधी घ्यावी. जितके तास खुर्चीत, तितक्या तासांची मजुरी रोख द्यावी. कुठे सामानाचे म्हणून तिच्याकडून पैसे घेतले, तर पावती द्यावी. कापलेला शेपटा तिचा; विकत हवा असेल तर भाव सांगावा. फोटो कुठे आणि किती दिवस लागणार, ते लिहावे. बिघडले तर दुरुस्तीचा खर्च अकादमीचा. आणि १८ वर्षांखालील मुलीला आईबापांवाचून खुर्चीत बसवू नये.

हे करायला नवा कायदा यावा लागत नाही. आपल्या घरातली मुलगी ‘फ्री आहे, जाऊ का?’ म्हणून विचारील, तेव्हा आपण एवढेच करायचे. तिला रागावू नये. ‘कागद मराठीत आहे का? मजुरी किती? शेपटा कोणाचा?’ हे तीन प्रश्न तिच्या तोंडी घालून तिला पाठवावे. शक्य तर सोबत जावे. प्रश्न विचारणारी मुलगी पाहिली की यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडतील, आणि उरलेल्या प्रामाणिक असतील.

माझ्या तिन्ही कादंबऱ्यांतल्या नायिका लांबसडक केसांच्या आहेत. एकीलाही मी त्या खुर्चीत बसवले नाही. धीर झाला नाही. हा लेख तेवढ्यासाठी लिहिला. ती विद्यार्थिनी यंदाही फराळाला यायची आहे. तिचे केस आता कानापर्यंत आले आहेत, काळे, मऊ. तिने कळवले आहे, “बाई, या वेळी तेल तुम्ही लावा.” मी लावणार आहे. आधी विचारून.

कारीट संपले. वाचकांनी आता खुशाल करंजी उचलावी. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो.